ओव्हरऑल ७ आले, तरी ऑफर अडकली

लिसनिंग ८, रीडिंग ७.५, स्पीकिंग ६.५, रायटिंग ५.५. सरासरी ६.८७५, म्हणजे आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या हिशेबाने ओव्हरऑल ७ बँड (गुण). लातूरला घरी पेढे वाटून झाले. इंग्लंडच्या विद्यापीठाने कंडिशनल (सशर्त) ऑफरमध्ये ओव्हरऑल ६.५ मागितले होते, आपण तर अर्ध्या बँडने पुढे! चार दिवसांनी मेल आला: अट पूर्ण नाही.

ऑफरच्या त्याच वाक्यात पुढे होतं की चारपैकी कुठल्याही एका मोड्यूलमध्ये (भागात) ६ पेक्षा कमी चालणार नाही. मी ते वाचलं नव्हतं असं नाही. पण पुण्यातले कन्सल्टंट म्हणाले, "अरे, ओव्हरऑलच बघतात." आणि मला तेच ऐकायचं होतं. फी न घेणाऱ्या कन्सल्टंटला बहुतेक वेळा विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. त्यापेक्षा एखादा सीनियर गाठा, तोही त्याच कोर्सचा.

नीट समजून घ्या, कारण इथेच माझे दोन महिने गेले. ओव्हरऑल काढताना सरासरी जवळच्या अर्ध्या किंवा पूर्ण बँडला जाते: .२५ असेल तर .५ होतात, .७५ असेल तर पुढचा पूर्ण बँड. मोड्यूलच्या किमान अटीला ही सवलत नाही. ५.५ म्हणजे ५.५. लिसनिंगमधले जादा गुण रायटिंगच्या खड्ड्यात टाकता येत नाहीत. शिवाय एकाच विद्यापीठात कोर्सगणिक अट वेगळी असते. कायदा, पत्रकारिता वगैरेंना बऱ्याचदा जास्त. म्हणून विद्यापीठाचं सर्वसाधारण पान नको, तुमच्या कोर्सचं पान उघडा, आणि चारही आकडे कागदावर उतरवून भिंतीला लावा.

रायटिंग का पडलं? क्लासच्या सरांनी पाठ करून घेतलेला साचा. पाठ केलेली वाक्यं परीक्षकाला लगेच कळतात. त्यात आपली शाळेतली निबंधाची सवय: 'प्राचीन काळापासून' सुरू करायचं आणि मुद्द्यावर तिसऱ्या परिच्छेदात यायचं. प्रश्नात दोन्ही बाजू आणि स्वतःचं मत मागितलं होतं. मी एकच बाजू रंगवली. शिवाय रायटिंगच्या दोन प्रश्नांपैकी पहिल्यावर, टास्क १ वर, अर्धा तास घालवला, जिथे २० मिनिटं पुरतात. निबंधाच्या टास्क २ ला दुप्पट वजन असतं. 'ए' आणि 'द' आपल्या भाषेत नाहीतच, तेही जागोजागी गाळले.

मराठी माध्यमाचं टेन्शन मात्र घेऊ नका, खरंच. उच्चार समजला पाहिजे, गोरा वाटायची गरज नाही.

आयईएलटीएसऐवजी मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शनचं (शिक्षण इंग्रजीतून झाल्याचं) पत्र किंवा बारावीच्या इंग्रजीचे गुण काही ठिकाणी चालतात. पण मित्राच्या तोंडी भरवशावर राहू नका, ॲडमिशन ऑफिसकडून मेलवर लेखी घ्या. एकाच मोड्यूलची फेरपरीक्षाही देता येते, ती सगळी विद्यापीठं मान्य करत नाहीत. माझ्या विद्यापीठाने केली नाही. पुन्हा पूर्ण फी, पुन्हा चारही पेपर.

दुसऱ्यांदा रायटिंग ६.५ आलं. लिसनिंग ८ वरून ७ वर घसरलं, आणि त्याबद्दल कुणी एका शब्दाने विचारलं नाही.