पहिलं लिनक्स निवडताना या चुका टाळा

मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला आणि इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीच्या प्रोसेसरचे, अजून ठणठणीत असलेले बरेच लॅपटॉप अनाथ झाले. विंडोज ११च्या अधिकृत यादीत ते बहुतेक नाहीतच. अशा लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकता येते. तेव्हापासून एकच प्रश्न सतत कानावर येतो: सगळ्यात चांगलं लिनक्स कोणतं? उत्तरादाखल चार जण चार नावं सांगतात आणि विचारणारा शेवटी ज्याचं चित्र सुंदर दिसलं तेच डाउनलोड करतो.

डिस्ट्रो आणि डेस्कटॉप एकच समजणं

इथेच पहिली गल्लत होते. मिंट, उबंटू, फेडोरा, डेबियन या डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची वेगवेगळी तयार रूपं झाली. अपडेट कुठून येणार, किती वर्षं येणार, सॉफ्टवेअर कसं बसवायचं, हे डिस्ट्रो ठरवते. पडद्यावर जे दिसतं, म्हणजे पॅनेल, मेन्यू, खिडक्या, फाइल मॅनेजर, तो डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंटचा भाग: सिनॅमन, ग्नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई. एकच डेस्कटॉप अनेक डिस्ट्रोंवर मिळतो. त्यामुळे 'उबंटू आवडलं नाही' म्हणणाऱ्या कित्येकांना खरं तर ग्नोम आवडलेलं नसतं.

ग्नोमचं उदाहरण जरा जवळून बघण्यासारखं आहे. फेडोरा वर्कस्टेशन बसवलं की ग्नोम मूळ रूपात समोर येतं. खिडकीच्या कोपऱ्यात फक्त बंद करायची फुली. मिनिमाइझचं बटण नाही. खाली टास्कबार नाही, डेस्कटॉपवर आयकॉन नाहीत. विंडोजवरून आलेल्या माणसाला वाटतं, काहीतरी अर्धवट बसलंय. बसलंय सगळं नीटच. ग्नोमवाल्यांना काम असंच करायचं असतं: सुपर की, म्हणजे कीबोर्डवरची विंडोजची खूण असलेली कळ, दाबायची आणि उघड्या खिडक्या पाहायच्या. बटण हवंच असेल तर 'ट्वीक्स' नावाचं छोटं अ‍ॅप बसवून टायटलबारच्या सेटिंगमध्ये ते चालू करता येतं. पण हात विंडोजच्या सवयीचे असतील तर मुळातच सिनॅमन किंवा केडीई घ्या. स्टार्ट मेन्यूच्या जागी मेन्यू, घड्याळाच्या जागी घड्याळ. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा येणाऱ्याने लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती घ्यावी आणि पुढचे वाद इतरांसाठी सोडून द्यावेत.

'हलकं' लिनक्स शोधत बसणं

जुना लॅपटॉप म्हटला की लोक सर्वात हलक्या डिस्ट्रोच्या मागे लागतात. सिनॅमनऐवजी एक्सएफसीई घेतलं तर काहीशे एमबी रॅम वाचते, हे खरं. पण ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब उघडले की वाचलेलं सगळं तिथेच जातं, कारण ब्राउझर काही हलका होत नाही. मिंट २ जीबी रॅम किमान धरतं आणि ४ जीबी असावी असं सुचवतं. ४ जीबी असेल तर मिंटचीच एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ८ जीबी असेल तर हा विषय बंद करा. मशीनमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर डिस्ट्रो बदलून बघण्याआधी साधा साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाका. त्याने जो फरक पडतो तो कुठल्याच डेस्कटॉपने पडत नाही.

नाव मोठं म्हणून काली किंवा आर्च

काली ही डिस्ट्रो संगणकांची सुरक्षा तपासणाऱ्यांसाठी आहे. लिनक्स शिकायला काली घेऊ नका, असं तिच्या स्वतःच्या कागदपत्रांतच लिहिलेलं आहे. तरी कॉलेजची पोरं हॅकिंगच्या हौसेपायी तीच बसवतात. आर्च उत्तम आहे, पण तिथे प्रत्येक निर्णय तुमचा आणि त्याचे परिणामही तुमचेच. वर्षभराने जरूर बघा.

सर्वात नवा आकडा बघून डाउनलोड

उबंटूच्या पानावर दोन आवृत्त्या दिसल्या की नवा आकडा असलेली घेण्याचा मोह होतो. उबंटूची आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, पण सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येणारी एलटीएस (दीर्घकाळ सपोर्टची आवृत्ती), उदाहरणार्थ २२.०४, २४.०४, पाच वर्षं अपडेट घेते. मधल्या आवृत्त्यांना जेमतेम नऊ महिने मिळतात. नऊ महिन्यांनी अपडेट बंद पडले की 'लिनक्स बिघडलं' अशी तक्रार सुरू होते.

यातली एक मेख फारशी कुणी सांगत नाही. कुबुंटू, झुबुंटू या उबंटूच्या भावंडांच्या एलटीएसला पाच नव्हे, तीनच वर्षं सपोर्ट असतो. मिंट २२ची मालिका उबंटू २४.०४वर बेतलेली आहे आणि तिच्या सिनॅमन, माते, एक्सएफसीई या तिन्ही आवृत्त्यांना २०२९पर्यंत अपडेट आहेत. फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिने चालते, म्हणजे वर्षातून एकदा तरी अपग्रेड करायलाच लागतं. ज्याला हे नको त्याने फेडोराच्या वाटेला जाऊ नये.

पेनड्राइव्हवरून न तपासता थेट इन्स्टॉल

लाइव्ह यूएसबीची, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून बघायची सोय असताना लोक ती दोन मिनिटं डोळ्यांखालून घालतात आणि इन्स्टॉलचं बटण दाबतात. तास-दीड तास द्या. वायफाय लागतं का? आवाज, हेडफोन, वेबकॅम, ब्राइटनेसच्या कळा चालतात का? लॅपटॉपचं झाकण बंद करून पाच मिनिटांनी उघडा. नीट जागा झाला तर अर्धी लढाई जिंकलात. घरातला प्रिंटर जोडून एक पान छापा. पेनड्राइव्हवरून चालताना सगळं थोडं रेंगाळतं, त्यावरून वेगाचा निष्कर्ष काढू नका. व्हेंटॉय हे टूल वापरलं तर एकाच पेनड्राइव्हवर तीन-चार आयएसओ (डिस्ट्रोच्या डाउनलोड केलेल्या फाइली) ठेवून डेस्कटॉप एकामागून एक पारखता येतात.

वायफाय दिसलंच नाही तर लगेच डिस्ट्रो बदलू नका. जुन्या ब्रॉडकॉम चिपच्या बाबतीत हे हमखास होतं. मोबाइल केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, इंटरनेट येतं. मग मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडून सुचवलेला ड्रायव्हर बसवा. एनव्हिडियाच्या ग्राफिक कार्डासाठीही हाच रस्ता. सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय, चालू असेल तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर तोच मागतात. घाईत तो पडदा ओलांडला की ड्रायव्हर चालत नाही आणि कारण कळत नाही.

एकाच घरात दोन डेस्कटॉप

ग्नोम असलेल्या उबंटूवर केडीई टाकून बघणं सोपं आहे. लॉगिनच्या वेळी गिअरचं चिन्ह दाबून हवा तो डेस्कटॉप निवडता येतो. निस्तरणं मात्र अवघड. दोन फाइल मॅनेजर, दोन टेक्स्ट एडिटर, पासवर्ड साठवायच्या दोन जागा, आणि थीमची खिचडी. काढायला गेलं की कधी कधी लॉगिनचा पडदाच गायब होतो. दुसरा डेस्कटॉप आवडला असेल तर त्याचीच आवृत्ती स्वच्छ इन्स्टॉल करा. तरीही प्रयोग करायचाच असेल तर आधी टाइमशिफ्ट या अ‍ॅपने स्नॅपशॉट, म्हणजे मागे परतता येईल अशी सिस्टिमची प्रत, घ्या. मिंटमध्ये ते आधीपासूनच असतं, पण चालू तुम्हाला करावं लागतं.

विंडोज पुसून झाल्यावर टॅली आठवणं

टॅली, फोटोशॉप, एमएस ऑफिसची डेस्कटॉप आवृत्ती, श्रीलिपीसारखी डीटीपीची सॉफ्टवेअर ही लिनक्ससाठी बनलेली नाहीत. रोजची पोटापाण्याची कामं यांवर असतील तर कुठलाही डिस्ट्रो निवडून उपयोग नाही. विंडोज शेजारी ठेवा. युनिकोड मराठीची काळजी नको. इन्स्क्रिप्टची मांडणी कीबोर्डच्या सेटिंगमध्येच मिळते, फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांतून टायपिंग) हवं असेल तर आयबस ही टायपिंगची प्रणाली आणि तिचा एम१७एन संच बसवा. त्यातल्या आयट्रान्स पद्धतीत इंग्रजी स्पेलिंगचे नियम काटेकोर असतात, मोबाइलवरच्यासारखा अंदाज तो बांधत नाही.

दोन्ही ठेवणार असाल तर विंडोजमध्ये बसूनच तीन कामं उरका. महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघून रिकव्हरी की लिहून ठेवणं. बूटच्या सेटिंगला हात लागला की विंडोज ती मागू शकतं. आणि फास्ट स्टार्टअप, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उघडता यावं म्हणून विंडोज पुरतं बंद न होण्याची सोय, बंद करणं, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिताच येत नाही, नुसतं वाचता येतं.

मग एक दिवस विंडोजचं घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे दिसेल. घड्याळ चालवणारा मदरबोर्डवरचा सीएमॉसचा सेल बदलायला धावू नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, आणि आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की दोघांचं जुळतं. त्याला एका ओळीची कमांड पुरते.