कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमचं रेकॉर्डिंग

खानापुरात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. माळ्यावरचे जुने गेम घेऊन पोरं येतात, "काका, हे रेकॉर्ड कसं करायचं?"

आधी कॅसेट. आमच्या पावसात पिना हिरव्या पडतात. फुंकर मारू नका, ओल आणखी वाढते. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पुसा, काडी काळी यायची थांबेपर्यंत.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघून खेळू नका. तिथं चित्र उशिरा पोचतं, उडी चुकते. पिक्चर ट्यूबच्या बऱ्याच टीव्हींना मागं 'एव्ही आउट', म्हणजे चित्र-आवाज बाहेर द्यायची जागा असते. गेम टीव्हीला जोडा आणि तिथून पिवळी (चित्राची) नि पांढरी (आवाजाची) वायर यूएसबी कॅप्चर स्टिकमध्ये, म्हणजे चित्र-आवाज कॉम्प्युटरला देणाऱ्या काडीत घाला. साध्या वाय-वायरनं (एकाची दोन टोकं करणारी वायर) सिग्नल फोडला तर चित्र काळपट येतं.

ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 'पाल' (PAL, आपल्याकडच्या टीव्ही सिग्नलची पद्धत) आणि सेकंदाला ५० फ्रेम निवडा. सोर्सवर, म्हणजे यादीतल्या कॅप्चर स्टिकच्या नावावर, राइट क्लिक करून डीइंटरलेसिंगमध्ये (एका फ्रेममध्ये गुंफलेली दोन चित्रं सुटी करायची सोय) 'रेट्रो' ठेवा. हे टाळू नकाच. मार बसल्यावर हिरो लुकलुकतो ना? २५ फ्रेममध्ये ती लुकलुक मरते, कधी हिरोच गायब होतो.

फाईल एमकेव्ही या प्रकारात घ्या. मधेच लाईट गेली तरी तोवरचं शाबूत राहतं. नंतर तिची एमपी४ ओबीएसच्याच रीमक्समधून (फाईलचा प्रकार बदलायची सोय) करता येते.