गोठ्यातल्या शेळीला रोज काय आणि किती घालावे

रानात फिरणारी शेळी बोर, बाभूळ, हादगा असे दहा ठिकाणी तोंड मारून आपला आहार आपणच जुळवते. बंदिस्त शेळीला आपण टाकू तेच मिळते, त्यामुळे तिथे अंदाजपंचे चारा टाकणे महागात पडते.

आधी वजन काढा. काटा नसेल तर टेपने छातीचा घेर (पुढच्या पायांच्या लगेच मागे) आणि खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत घ्या. घेर × घेर × लांबी ÷ ६६० केले की किलोतले वजन साधारण कळते. घेर २८ आणि लांबी २६ असेल तर शेळी सुमारे ३१ किलोची.

अशा भाकड (दूध न देणाऱ्या) शेळीला दिवसाला ३ किलो हिरवा चारा, अर्धा किलो वाळलेला आणि १५० ग्रॅम खुराक (भरडा-पेंडीचे मिश्रण) पुरतो. हिरव्यात निम्मा मका किंवा नेपियर, उरलेला लसूणघास, शेवरी, दशरथ घास, सुबाभूळ असा ठेवा. सुबाभूळ मात्र हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या आतच. त्यातल्या मायमोसीन या विषारी घटकामुळे केस गळतात. वाळलेल्यात तूर-हरभऱ्याचा भुसा कडब्यापेक्षा सरस, कारण त्यात प्रथिने जास्त. कडबाच असेल तर कुट्टी करून द्या, नाहीतर निम्मा पायाखाली जातो.

१०० किलो खुराकासाठी मक्याचा भरडा ४० किलो, शेंगदाणा पेंड २५, गव्हाचा कोंडा २०, तूरचुनी १२, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो मिसळा. पेंडीला बुरशी दिसली की ती फेकाच. उन्हात वाळवून विष जात नाही.

सकाळी आधी वाळलेला चारा द्या, मग हिरवा. कोवळा, दवाने ओला लसूणघास उपाशी पोटी दिला की पोटफुगी होते: डावी कूस फुगते, शेळी दात खाते, रवंथ थांबते. तो कापून काही तास सुकवून द्या. फुलोऱ्यापूर्वीची कोवळी ज्वारी तर नकोच, विशेषतः पावसाने ताण दिला असेल तेव्हा. विषबाधा होऊन शेळी पाहता पाहता मरते.

बहुतेक दुखणी अचानक केलेल्या बदलातून येतात. लग्नातला उरलेला भात-पोळी प्रेमाने वाढणारे लोक हमखास भेटतात. इतके पिष्टमय अन्न एकदम पोटात गेले की कोठीपोटात (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात) आम्ल वाढते, हगवण लागते, शेळी दगावूही शकते. नवा चारा किंवा खुराक ७ ते १० दिवसांत थोडा थोडा वाढवत न्या.

गाभण काळ सुमारे १५० दिवसांचा. शेवटच्या सहा आठवड्यांत खुराक हळूहळू ३०० ते ४०० ग्रॅमवर न्या. जुळी करडे असतील तर पोटात चाऱ्याला जागाच उरत नाही, म्हणून तेव्हा दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्या. व्यायल्यावर करडाला तासाभराच्या आत चीक पाजा.

बोकडाला कोंडा आणि धान्य फार झाले की मुतखडा होतो. त्याच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावे, मीठ मिळावे आणि समोर दिवसभर स्वच्छ पाणी असावे. कुंथतो पण लघवी थेंब थेंब होते किंवा होतच नाही असे दिसले, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा.