भाताचा हिरवा रंग आणि ओला कागद
बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडावरून दिसणारी भातशेती जलरंगात उतरवताना ट्यूबमधला तयार हिरवा थेट कागदावर लावू नये. लेमन यलोमध्ये थोडा निळा मिसळून त्यात बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाचा अगदी ठिपका टाकला, की रोपांचा खरा, किंचित मळकट हिरवा मिळतो. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा जाड, घ्यावा, कारण हलका कागद पाण्याने फुगतो. आपल्याकडील पावसाळी दमट हवेत पहिला थर लवकर वाळत नाही, म्हणून बोटाची मागची बाजू कागदाला हलकेच लावून पाहावी आणि तो गार लागल्यास दुसरा थर देण्याची घाई करू नये. तेवढ्या वेळात सोप्यावर शेंगा फोडत बसलेल्या आजीचे पेन्सिलीने रेखाटन करावे. तिचे हात मात्र क्षणभरही स्थिर राहत नाहीत, हे माझ्या वहीतील अर्धवट बोटांवरून दिसतेच.