विमा दाव्यांतून कर्करोगाचा कल कसा काढावा

गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना ही सरकारी आरोग्य विमा योजना 2016 पासून आहे. अशा योजनेचे दावे मोजले म्हणजे नवे रुग्ण मोजले असं होत नाही. एकाच बाईच्या केमोच्या सहा फेऱ्या झाल्या तर दावे सहा, रुग्ण एक. म्हणून कुटुंबाचं कार्ड नव्हे, व्यक्ती धरा.

रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात (आयसीडी-10) स्तनाच्या कर्करोगाचा कोड सी50. आधीच्या 2 वर्षांत तो नसेल तरच रुग्ण नवा. नोंदींची पहिली 2 वर्षं सोडाच, नाहीतर जुने रुग्ण नवे ठरून आलेख उगाच उंच सुरू होतो.

दर काढताना छेदात व्यक्ती-वर्षं, म्हणजे प्रत्येकाचा विमा किती काळ चालू होता त्याची बेरीज, घ्या: एप्रिल ते डिसेंबर विमा असेल तर 0.75. गोव्यात ज्येष्ठांचं प्रमाण मोठं, तेव्हा 5-5 वर्षांचे वयोगट पाडून वय-प्रमाणित दर (सगळ्या वर्षांना एकच ठरावीक वयरचना लावून येणारा दर) काढा. 2020 ची घसरण खरी समजू नका. टाळेबंदीत तपासण्याच रखडल्या होत्या.