काळी माती, कोरा चहा आणि माझे वाया गेलेले दोन महिने

'नाग नदीकाठच्या मातीत साल्मोनेला आढळला नाही.' एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये हे वाक्य मी टाइपसुद्धा केलं होतं. साल्मोनेला म्हणजे टायफॉइड, जुलाब करणारा जंतू. मातीतून डीएनए काढून मी तो पीसीआरनं शोधत होते, म्हणजे जंतूच्या डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती करून. अर्ध्या नागपूरचं सांडपाणी पोटात घेऊन वाहणारी नदी आणि चौदाच्या चौदा नमुने निगेटिव्ह! तेव्हाच मनात पाल चुकचुकायला हवी होती.

घात केला पॉझिटिव्ह कंट्रोलनं, म्हणजे साल्मोनेलाचा डीएनए मुद्दाम घातलेल्या नळीनं. तुकडा सापडला की जेलवर पट्टी उमटते; त्याची दर वेळी झळझळीत. पण तो डीएनए मी स्वच्छ पाण्यातला लावत होते. त्यातून प्रती करणारं एन्झाइम आणि तो तुकडा हेरणारे प्रायमर शाबूत आहेत एवढंच कळतं. माझ्या मातीच्या अर्कात ते चालतात का, हे नाही. अर्काचा रंग कोऱ्या चहासारखा होता. ते मातीत कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचं ह्युमिक आम्ल. टॅक पॉलिमरेज या एन्झाइमला ते कामच करू देत नाही. डीएनए किती शुद्ध ते सांगणारं २६०/२३० चं गुणोत्तर दोनच्या आसपास हवं. माझं ०.६ आलं, ते मी वहीत सुबक अक्षरात लिहिलं आणि पुढे गेले.

काचसामान धुणारे मामा एकदा नळीकडे बघून म्हणाले, "काऊन वं, चहा टाकला का याच्यात?" गाइडची मात्र त्याच पानावर सही होती. गाइड मोठ्या नावाचा नसला तरी चालेल, जेलचा फोटो मागणारा बघा.

तर, अर्क दहापट पातळ करून पुन्हा लावा. मिश्रणात बीएसए हे प्रथिन घाला, ते आम्लाचा अडथळा कमी करतं. आणि दर नमुन्याची एक जादा नळी लावा: त्याच अर्कात ओळखीचा डीएनए मिसळून. तिथंही पट्टी नाही आली, तर तुमचं 'निगेटिव्ह' म्हणजे फक्त 'कळलं नाही'. पातळ केल्यावर माझ्या पाच नमुन्यांत साल्मोनेलाची २८४ बेस लांबीची पट्टी उमटली. रडूच आलं.

वेळ वाचवायला मी एन्रिचमेंटही, म्हणजे आधी जिवंत जंतू वाढवून घेणं, गाळलं होतं. गाळू नका. पट्टी मेलेल्या जंतूचीही येते. आधी पेप्टोन वॉटर, मग रॅपापोर्ट (दोन्ही जंतू वाढवणारी द्रावणं), मग एक्सएलडी माध्यमाच्या ताटलीवर काळ्या ठिपक्याच्या वसाहती दिसल्या तर बोलायला तोंड राहतं.

पाण्याच्या नमुन्यांचं सोपं आहे. नळाचं असेल तर बाटलीत सोडियम थायोसल्फेट हवंच, नाहीतर लॅबपर्यंत क्लोरीन जंतू मारत येतं. बायोफिल्मसाठी कूलरच्या टाकीचा बुळबुळीत थर खरवडून घ्या, नुसतं पाणी भरून आणू नका.

घाबरू नका, मुदतवाढ मिळते. मलाही मिळाली. उरलेल्या नऊपैकी तिघांत मिसळलेला डीएनएही दिसला नाही, आणि तोवर माती संपली होती. नमुना दुप्पट आणा, अर्धा डीप फ्रीजरमध्ये ठेवा.