टेकडीकाठची बुजरी कुत्री नसबंदीसाठी पकडायची तर

आधी चिठ्ठ्या. पिंजऱ्याच्या आणि गाडीच्याही आधी. जितकी कुत्री उचलायची त्याच्या दुप्पट कोऱ्या चिठ्ठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला, सोबत सुतळी आणि न पुसणारं मार्कर. चिठ्ठीवर नर की मादी, रंग, तारीख आणि पकडल्याची जागा. जागा म्हणजे नुसतं ‘तळजाई’ नव्हे, पुण्यातली ही टेकडी केवढी पसरलीय! सोसायटीचं मागचं फाटक, विजेच्या खांबाचा नंबर, असं नेमकं लिहा आणि मोबाइलवर लोकेशनसकट फोटो काढा. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे कुत्रं उचललं तिथेच सोडायचं असतं, आणि चार तांबड्या माद्या एका गाडीतून उतरल्या की कोणती कुठली हे कुणालाच सांगता येत नाही. चुकीच्या गल्लीत सोडलेल्या कुत्र्यावर तिथली टोळी तुटून पडते, नाहीतर ते आपली जागा शोधत रस्त्यावर गाडीखाली येतं.

परवानगी लागते हे उघडच आहे. हे काम मान्यताप्राप्त संस्थेचं, महापालिकेला धरून करायचं. पिंजऱ्यात कोल्हा किंवा खोकड सापडलं तर हात लावू नका, वन विभागाला १९२६ वर कळवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याशी खेळ नको.

आदल्या आठवड्यात रोज खायला घालणाऱ्या काकूंना गाठा. कळपात किती, कुणाची झालीय, पिल्लं कुठे दडवलीत, सगळं त्यांना तोंडपाठ असतं. कानाला खाच असेल तर झालेली आहे, सोडून द्या. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू नको. सड ओघळलेली, दूध पाजणारी मादी तर मुळीच नको, मागे पिल्लं उपाशी मरतात.

गल्लीतल्या कुत्र्याला जाळी पुरते: चौघे जण, दोघं गल्लीच्या तोंडांशी. जाळीत पाय गुंतला तर ओढू नका, कात्रीने कापा. तारेचा फास वापरूच नका. टेकडीवरची कुत्री मात्र जाळी दिसताच पसार होतात, त्यांना पिंजराच लागतो. त्याचं दार तारेने उघडं बांधून पाच-सहा दिवस आतच खायला घाला. तळाच्या जाळीवर पाय ठेवायला कुत्रं कचरतं, म्हणून पोतं अंथरा. पण आत एक फळी असते, तिच्यावर पाय पडला की दार पडतं; पोत्याची कड तिच्याखाली गेली की फळी दबत नाही. कुत्रं आमिष खाऊन निघून जातं, किंवा दार अर्धवट पडतं आणि ते कुत्रं पुन्हा पिंजऱ्याकडे फिरकत नाही. बोंबील फळीच्या पलीकडे, अगदी मागच्या कोपऱ्यात ठेवा. पिंजरा लावण्याआधी फळी हाताने दाबून बघा. पहाटे पाचला लावा, उन्हं चढायच्या आत उचला, आणि लावलेला पिंजरा सोडून चहाला जाऊ नका.

दार पडलं की लगेच वरून जाड कापड टाका. अंधार झाला की कुत्रं शांत होतं, नाहीतर तारा चावून दात मोडून घेतं. आणि आत्ता चिठ्ठी. गाडीत चढवल्यावर नव्हे, पुढचं कुत्रं पकडून झाल्यावर नव्हे, आत्ता. पिंजऱ्याला बांधा. कुत्रं पिंजऱ्यातून बाहेर काढलं की तीच चिठ्ठी त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला. दवाखान्यात पिंजरे धुवायला नेतात, आणि पिंजऱ्यावरच राहिलेली चिठ्ठी त्यांच्याबरोबर जाते.

पकडणाऱ्यांची रेबीजची लस आधीच झालेली हवी. जाड हातमोज्यांवर विसंबू नका, सुळा आरपार जातो. चावलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. म्हणजे गाडीत साबण आणि पाण्याचा कॅन हवाच.

गाडीत एका कप्प्यात एकच कुत्रं. पुढे शस्त्रक्रिया, लस, कानाला खाच, हे डॉक्टरांचं काम. तुम्ही फक्त विचारा, टाका कोरडा आहे का, खातंय का. सोडायला सकाळी जा. चिठ्ठी वाचा, फोटो ताडून बघा, त्याच खांबाशी दार उघडा. दोन्ही जुळत नसेल तर कुत्रं गाडीतच राहू द्या आणि काकूंना फोन लावा.